आम्ही तपासलेले चुंबक

पॅरिशच्या युवकांनी नाताळच्या सुट्टीत भरविलेल्या एका मेळाव्यात आमची ओळख करून देताना सूत्रसंचालक तरुणाने मोठ्या उत्साहाने सांगितले, की 'देवकण' शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञांच्या पथकात आपल्या गावचे हे गृहस्थ होते. टाळ्या झाल्या. आम्ही उभे राहून हात जोडले आणि खाली बसलो. हा प्रसंग पहिला नव्हे. गेली कित्येक वर्षे लग्नमंडपात, मिस्सानंतर चर्चच्या आवारात, एकदा तर एका मयताच्या घरीसुद्धा आमची ओळख अशीच करून दिली जाते आणि आम्ही दर वेळी विनयाचा आव आणून गप्प बसतो. विनयाचा आव आणि सत्याचा अपलाप यांतली सीमारेषा फार पुसट असते. त्या दिवशी मेळावा आटोपल्यावर बारावीत शिकणारा एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "अंकल, पण तुम्ही तिथे नेमके काय करत होता?" त्याला काहीबाही सांगून आम्ही वाटेला लावले. रात्री मात्र झोप येईना. त्या मुलाचे देणे राहून गेले आहे. ते येथे फेडू पाहतो.

आम्ही कोणताही कण शोधला नाही. हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संस्थेत ४ जुलै २०१२ रोजी झाली, तेव्हा आम्ही इकडे ट्रॉम्बेला आमच्या टेबलाशी बसून ती बातमी इतरांप्रमाणेच वाचीत होतो. 'देवकण' हे नावदेखील शास्त्रज्ञांचे लाडके नव्हे. लिऑन लेडरमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या १९९३ सालच्या पुस्तकाच्या शीर्षकावरून ते वर्तमानपत्रांच्या तोंडी बसले. आमच्या एका वृद्ध आत्याने त्या दिवसांत सरळच विचारले होते, "मग देव दिसला का रे तुला तिकडे?" आम्ही म्हटले, "नाही आत्या, चुंबक दिसले." तिने आमच्याकडे असे काही पाहिले, की एवढा विमानखर्च वायाच गेला म्हणायचा!

आत्याला दिलेले उत्तर मात्र खरे होते. भारत आणि सर्न यांच्यात १९९१ साली सहकार्याचा करार झाला आणि १९९६ साली, सर्न उभारू पाहात असलेल्या 'लार्ज हेड्रॉन कोलायडर' या महायंत्राच्या कामात भारताने वाटा उचलावा असे ठरले. इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली देशातल्या कारखान्यांत तयार झालेले अठराशेच्या घरातले छोटे दुरुस्ती-चुंबक तिकडे गेले. जड चुंबक सुतात बसविण्यासाठी लागणारे सुमारे सात हजार जॅक गेले. आणि माणसेही गेली. २००२ पासून पुढच्या चारपाच वर्षांत अणुऊर्जा विभागाच्या निरनिराळ्या संस्थांतून शंभराहून अधिक अभियंते आणि तंत्रज्ञ पाळीपाळीने, फार तर वर्षभराच्या मुदतीने तेथे जाऊन राहिले. कारखान्यांतून येणारा प्रत्येक मोठा चुंबक बोगद्यात उतरविण्यापूर्वी गोठवून, त्यातून वीज खेळवून तपासायचा, हे त्यांचे काम. २००४ सालच्या तुकडीत आम्ही होतो. म्हणजे परीक्षेच्या खोलीत बसणारा पर्यवेक्षक जसा असतो, तसे. प्रश्नपत्रिका काढणारे दुसरे होते आणि उत्तरे लिहिणारा तर चुंबकच.

पण वर्षभर परीक्षा घेताना प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची बुद्धी कशी चालली असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहात नाही. आज सांगावेसे वाटते ते त्या आराखड्याविषयीच.

यंत्र भुईखाली सरासरी शंभर मीटर खोल, सत्तावीस किलोमीटर घेराच्या गोल बोगद्यात आहे. प्रोटॉन हे विजेचा भार असलेले कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने त्यात धावतात. वेगवान वस्तूची इच्छा सरळ जाण्याची. तिला वळवायचे तर कोणीतरी सतत आडवे ओढले पाहिजे. हे ओढणे चुंबकाचे काम. आता बोगदा आधीच्या एका यंत्रासाठी खणलेला होता, म्हणजे वळण किती बाकदार हे आधीच ठरून गेलेले. घराचा प्लॉट वडिलोपार्जित आणि कुटुंब वाढलेले, अशी स्थिती. वळण बदलता येत नाही आणि कणांची ऊर्जा तर वाढवायची आहे. मग एकच मार्ग उरतो, चुंबकाचा जोर वाढविणे. हिशेब मांडला तेव्हा ८.३३ टेस्ला हा आकडा आला. पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा लाखाहून अधिक पटींनी मोठा. लोखंडाचा गाभा असलेला नेहमीचा विद्युतचुंबक दोन टेस्लाच्या आसपास दमतो. त्यापुढे लोखंड साथ देत नाही. त्यापुढचे सारे बळ निव्वळ तारेतल्या विजेच्या प्रवाहानेच निर्माण करावे लागते आणि तेवढा प्रवाह तांब्याच्या तारेतून नेला तर तार वितळेल, विजेचे बिल तर विचारूच नये.

येथे अतिसंवाहक धातू मदतीस येतात. हॉलंडमधील लायडन येथे कामर्लिंग ओन्नेस यांना १९११ साली असे आढळले, की पारा द्रवरूप हेलियमच्या तापमानास नेला असता त्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा होतो. कमी होतो असे नव्हे, नाहीसा होतो. अशा तारेचे वेटोळे करून मोठा चुंबक बनविण्याचे स्वप्न त्यांनी तेव्हाच पाहिले होते. पण थोडासा प्रवाह वाढविताच, त्या चुंबकत्वानेच तारेची अतिसंवाहकता मारून टाकली. आपणच निर्माण केलेल्या गोष्टीने आपला घात व्हावा, असा तो प्रकार होता. हे स्वप्न खरे होण्यास पन्नास वर्षे लागली. नायोबियम आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू १९६०च्या दशकात हाती आला. अमेरिकेतील फर्मीलॅबचे 'टेव्हाट्रॉन' हे अतिसंवाहक चुंबकांचे पहिले महायंत्र १९८३ साली सुरू झाले आणि तेथून हे शास्त्र कारागिरीच्या पातळीवर आले.

कारागिरी हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. नायोबियम-टायटॅनियमचे तंतू मिलिमीटरच्या सहा-सात हजारांश भागाएवढे, माणसाच्या केसाच्या जवळजवळ दशांश जाडीचे असतात. असे हजारो तंतू तांब्याच्या पोटात घालून जेमतेम मिलिमीटरभर जाडीची एक तार ओढतात. अशा २८ किंवा ३६ तारा वळून आणि दाबून चपटी पट्टी करतात. इंग्लंडमधील ज्या रदरफर्ड प्रयोगशाळेत ही रीत निघाली, तिचे नाव या पट्टीला मिळाले आहे. आमच्या लहानपणी वाडीत काथ्याचे दोर वळीत, ते पाहिलेल्या माणसाला ही रीत परकी वाटणार नाही. एकच जाड तार का नको, याचे उत्तरही दोरासारखेच आहे: जाड तारेत वीज आपले भोवरे करून बसते आणि चुंबकत्व अशुद्ध करते, शिवाय ती जरा जागी गरम झाली तर सारीच जाते. या यंत्रातले सारे तंतू एकापुढे एक ठेवले तर ते पृथ्वी-सूर्य अंतराच्या दहापटींहून लांब भरतील, असे सांगत. तारा बनविणाऱ्यांनी हे अंतर कापले, हेच आम्हांला त्यातले मोठे आश्चर्य वाटते.

पट्टी झाली, आता ती कशी गुंडाळायची? येथे आराखड्याचा खरा मर्मभाग येतो. कणांच्या नळीच्या दोन्ही कुशींना पट्ट्यांची दाटी हवी आणि वर-खाली माथ्याकडे जावे तसतशी ती विरळ होत गेली पाहिजे. तरच नळीच्या पोकळीत सर्वत्र एकसारखे चुंबकत्व मिळते. हा गणिती नियम सुबक आहे. पण पट्ट्या काही गणितातल्या नव्हेत, त्या सर्व सारख्याच जाडीच्या. म्हणून आतल्या थरात १५ आणि बाहेरच्या थरात २५ असे वेढे घेताना मध्ये तांब्याच्या पाचरी ठोकून विरळपणा साधतात. पाचर काही शतांश मिलिमीटरने सरकली तरी पोकळीतले चुंबकत्व बिघडते आणि ते दहा हजारांत एका भागाहून अधिक बिघडलेले चालत नाही; कारण तोच कण सेकंदाला अकरा हजारांहून अधिक फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत त्याच चुकीला पुन्हा सामोरा जातो. उरलीसुरली चूक निस्तरण्यासाठी ज्या चिमुकल्या चुंबकांची गरज लागते, तेच इंदूरच्या देखरेखीखाली घडलेले, वर सांगितलेले चुंबक. ते मोठ्या चुंबकाच्या टोकाशी बसविलेले असत. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा परगावी अवचित नातलग भेटावा तसे झाले.

आता बळाचे पाहा. विजेच्या प्रवाहाने निर्माण झालेले चुंबकत्व त्या तारांनाच बाहेरच्या बाजूस लोटते. आणि हा जोर केवढा? चुंबकाच्या दर मीटर लांबीमागे सुमारे चारशे टन! एका चुंबकाची लांबी पंधरा मीटर. तारांच्या त्या वेटोळ्यास पोलादी पट्ट्यांच्या चापात, प्रचंड दाबयंत्राखाली आवळून बसवितात. त्या चापांना गळपट्टी म्हणजे कॉलर असेच म्हणतात. आवळताना पुढचा सारा प्रवास ध्यानात ठेवावा लागतो. चुंबक गोठविला की वेटोळे पोलादापेक्षा अधिक आकसते, म्हणजे पकड ढिली होते. वीज सोडली की जोर बाहेर लोटतो, पकड आणखी ढिली होते. तरीही शेवटी थोडी घट्ट उरलीच पाहिजे. आरंभीच्या नमुन्यांत कॉलर ॲल्युमिनियमच्या होत्या; अंतिम आराखड्यात पोलाद आले. अशा एकेका निर्णयामागे रोमिओ पेरिन यांच्यासारख्या माणसांची वर्षेच्या वर्षे खर्ची पडली आहेत. बोगदा ३.८ मीटर व्यासाचा, त्यात उलटसुलट धावणाऱ्या दोन कणशलाकांसाठी चुंबकांच्या दोन रांगा मावेनात. म्हणून एकाच लोखंडी अंगरख्यात दोन्ही नळ्या शेजारी शेजारी घातल्या. जुळी भावंडे एका पाळण्यात निजवावीत तशी.

एवढे आवळावे कशासाठी? कारण तार हलता कामा नये. हे यंत्र उणे २७१ अंश सेल्सिअसला, म्हणजे १.९ केल्विनला ठेवतात. इतक्या थंडीत धातूची उष्णता सामावून घेण्याची शक्ती हजारो पटींनी कमी झालेली असते. घरातल्या तापमानात ज्या घर्षणाची ऊब हातालाही कळणार नाही, तेवढ्या उबेने तेथे तारेची अतिसंवाहकता हरपते. तार काही मायक्रॉन सरकली, जागचा राळेचा कण तडकला, की पुरे. त्या बिंदूवर तार साधी तार होते, तापते, शेजारचा भाग तापवते आणि ते लोण पसरत जाते. याला 'क्वेंच' म्हणतात. चुंबकात त्या क्षणी साठलेली ऊर्जा त्याच्याच पस्तीस टनांच्या धुडास वीस मीटर उंच उचलण्यास पुरेल एवढी असते. ती सगळी त्या एका बिंदूवर उतरली तर तेथे भोक पडेल.

म्हणून क्वेंच होईलच असे धरून आराखडा करतात. शंभर मिलिव्होल्टचा फरक शंभरांश सेकंद टिकला की पहारेकरी यंत्रणा जागी होते आणि, आम्हांला आजही नवल वाटते ते हे, की ती वेटोळ्याचा तो बिंदू थंड करण्याच्या भरीस पडत नाही. उलट चुंबकभर बसविलेल्या पोलादी पट्ट्या तापवून साऱ्या वेटोळ्यालाच गरम करते. एका ठिकाणी उतरू पाहणारी आग पंधरा मीटरभर वाटून टाकायची, म्हणजे कोठेच जखम होत नाही. आमच्या वाडीत एखाद्या घरी वाईट झाले की चुली साऱ्या आळीच्या थंड असत, त्याची आम्हांला तेव्हा आठवण झाली होती.

आता परीक्षेच्या दालनाकडे. सीमेजवळच्या त्या अवाढव्य शेडमध्ये बारा ओटे होते, प्रत्येकावर एक चुंबक, आणि काम रात्रंदिवस तीन पाळ्यांत चाले. रात्रपाळीला आम्ही खिचडीचा डबा नेत असू. चुंबक थंड झाला, की प्रवाह हळूहळू चढवावयाचा. सात हजार अँपिअर, आठ, नऊ. पडद्यावरची रेषा सरळ चाललेली. मग एकाएकी ती उसळते, प्रवाह कोसळतो, हेलियम वायू नळ्यांतून घोंघावत निघून जातो आणि दालनात क्षणभर सारे एकमेकांकडे पाहतात. पुन्हा थंड होण्यास काही तास. दुसऱ्या खेपेस तोच चुंबक थोडा अधिक चढतो. तिसऱ्या खेपेस आणखी. एकेका धक्क्यासरशी तार आपल्या जागी बसत जाते. याला 'ट्रेनिंग' म्हणतात, चुंबकही शिकतो. आणि शिकताना तो बहुधा अडखळतो टोकाशी. मधला सरळ भाग सोपा. टोकाला पट्टीला नळीवरून चढून पलीकडे उतरावे लागते, तेथे ती वाकडी होते, तेथे पकड नीट बसत नाही. टोपली विणणाऱ्यास विचारावे, काठाशी वळताना काय होते ते.

एक चुंबक आमच्या चांगला लक्षात राहिला आहे. तो शिकेचना. एकदा चढे, दुसऱ्यांदा त्याहून खाली घसरे. पाळी बदलताना येणारे सहकारी आम्हांला विचारीत, "काय म्हणतो तुमचा विद्यार्थी?" ओट्यांसमोर पुढच्या चुंबकांची रांग लागलेली आणि वेळापत्रकाचा धाक सर्वांना. अखेर त्याला खोलीच्या तापमानास आणून पुन्हा गोठवावे, असे वरिष्ठांनी ठरविले. त्या रात्री पाळी आमचीच होती. पहाटे तो ८.३३ टेस्लाच्या पलीकडे निमूट चढला, जणू आधी काही घडलेच नव्हते. आम्ही त्याचा क्रमांक आमच्या खासगी वहीत लिहून त्याखाली रेघ ओढली. ही वही आम्ही कोणाच्या सांगण्यावरून ठेवली नव्हती. वर्षभरात आमच्या पाळीत तपासले गेलेले सारे क्रमांक तीत आहेत.

बोगद्यात पहिला मोठा चुंबक ७ मार्च २००५ रोजी उतरला आणि १२३२ पैकी शेवटचा २६ एप्रिल २००७ रोजी. तोवर आम्ही केव्हाच परतलो होतो. १० सप्टेंबर २००८ रोजी यंत्रात प्रथम कणशलाका फिरली. तेव्हा आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी कृष्णविवर होऊन जग बुडणार अशी हाकाटी केली होती, हे वाचकांना आठवत असेल. गावातल्या चारदोन बायकांनी आमच्या घरी येऊन खात्री करून घेतली. आम्ही छाती पुढे काढून सांगितले, की काही होणार नाही, सगळे चुंबक आमच्यासारख्यांनी एकेक करून तपासले आहेत.

नवव्या दिवशी, १९ सप्टेंबरला, ते घडले. यंत्राच्या आठ भागांपैकी एका भागात प्रवाह चढविला जात होता. ८,७०० अँपिअरच्या सुमारास दोन चुंबकांच्या मधल्या एका विद्युत सांध्याने दगा दिला. विजेची ठिणगी पेटली, तिने हेलियमच्या आवरणाला भोक पाडले, द्रव हेलियमचा वायू होऊन तो निर्वात कोठडीत घुसला. दाब एवढा वाढला की कित्येक टनांचे चुंबक जागचे हलले, काहींचे जमिनीतले खिळे उपटले गेले. सुमारे सहा टन हेलियम गेला. त्या वेळी बोगद्यात कोणी नव्हते, ही कृपा. कणांच्या स्वच्छ नळीत किलोमीटरच्या किलोमीटर काजळी आणि आवरणाच्या चिंध्या पसरल्या. त्रेपन्न चुंबक वर काढावे लागले.

हे सांधे कशासाठी असतात, तेही सांगितले पाहिजे. पंधरा मीटरचा चुंबक गोठला की चारएक सेंटिमीटरने आखडतो. म्हणून दोन चुंबकांमध्ये सैल भाता आणि विजेच्या पट्टीला थोडा बाक ठेवावा लागतो; आणि पट्टीची दोन टोके बोगद्यातच, जागेवर, तांब्याच्या साच्यात एकावर एक ठेवून कथिल-चांदीचा डाख देऊन जोडावी लागतात. असे सांधे दहा हजारांच्या वर. चांगल्या सांध्याचा विरोध एका ओहमच्या अब्जांश भागाहूनही कमी. त्या एका सांध्याचा विरोध त्याच्या शेकडो पट असावा, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. चुंबकांवर जागता पहारा होता. सांध्यांवरचा पहारा तेवढा तीक्ष्ण नव्हता. आमच्या दालनात तर हा सांधा कधी आलाच नव्हता. येणार कसा? तेथे चुंबक एकेकटा येई. दोन चुंबकांच्या मधले जे काही, ते चुंबक तपासून दिसत नाही.

काही महिन्यांनी एका जुन्या सहकाऱ्याने वर काढलेल्या चुंबकांच्या क्रमांकांची यादी आम्हांला पाठविली. आम्ही वही काढली. ताळा जुळवीत गेलो. चार क्रमांक आमच्या वहीतले निघाले आणि त्यांतला एक, खाली रेघ ओढलेला. तो चुंबक सदोष नव्हता. त्याने आपले काम चोख केले होते. शेजारच्या सांध्याने त्याच्या अंगाखांद्यावर काजळी फासली, एवढेच. आमच्यावरही कोणी ठपका ठेवला नाही. ठेवण्याचे कारणही नव्हते. तरीसुद्धा त्या बायकांना छाती पुढे काढून दिलेले उत्तर आठवले की आजही कानशिले तापतात. आम्ही सांगितले होते ते सारे खरे होते, आणि तरी आम्हांला ते सांगण्याचा अधिकार नव्हता.

आमचे वडील सुतारकाम करीत. तेव्हा त्यांची दृष्टी अधू झाली होती आणि ते ओटीवर बाकावर बसून असत. त्यांना सर्व हकीकत सोपी करून सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "फळी कधी जाते का? सांध्यातच जायचे ते." यात त्यांना यत्किंचितही नवल वाटलेले दिसले नाही. मग त्यांनी विचारले, तो सांधा लावणारा माणूस कोण होता, आणि त्याला पुरेसा वेळ दिला होता का? या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. इतक्या वर्षांत तो प्रश्न दुसऱ्या कोणी आम्हांला विचारला नाही.

पुढची कथा बरीचशी सर्वांस ठाऊक आहे. सांध्यांवर नवा, अतिशय सूक्ष्म पहारा बसला, हेलियमला बाहेर पडण्यास जादा दारे झाली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये यंत्र पुन्हा सुरू झाले, पण निम्म्या जोराने. हिग्ज कण सापडला तो या सावध, निम्म्या जोराच्या काळातच. त्यानंतर २०१३ आणि २०१४ ही दोन वर्षे यंत्र थांबवून माणसांनी बोगद्यात एकेक सांधा उघडला, तपासला, जरूर तेथे नवा केला, आणि तांब्याच्या जादा पट्ट्या डाखून प्रत्येकाला दुसरा आधार दिला. दहा हजारांहून अधिक वेळा तेच काम, गुडघ्यांवर बसून. पारितोषिके मिळाली ती कणाला. सांध्यांना मिळाली नाहीत. असो.

आणि एक मौज. २०१५ साली चुंबक पुन्हा मोठ्या प्रवाहापर्यंत चढवू लागले, तेव्हा आमच्या ओट्यांवर पूर्वी नऊ टेस्लापर्यंत निमूट चढून गेलेल्या चुंबकांपैकी कित्येक जण शिकलेले विसरून गेले होते! प्रवास, बोगद्यातला मुक्काम, ऊन-थंडीचे फेरे, कारण काही असो. त्यांना पुन्हा शिकवावे लागले. दीडशेहून अधिक क्वेंच घडले, तेव्हा कोठे ६.५ टेव्हची मजल गाठता आली. प्रशस्तिपत्र दिलेला विद्यार्थी दहा वर्षांनी पुन्हा पहिल्या बाकावर बसलेला पाहून परीक्षकाला जे वाटेल, ते आम्हांला वाटले. आता पुढच्या यंत्रसुधारणेसाठी नायोबियम आणि कथिल यांचे चुंबक घडत आहेत. ती तार आधी गुंडाळून मग सुमारे साडेसहाशे अंशांवर भट्टीत भाजावी लागते आणि भाजल्यावर ती काचेसारखी ठिसूळ होते. अधिक जोर हवा तर अधिक नाजूक वस्तू हाताळायची, असा हा व्यवहार आहे. ते काम करणाऱ्यांचा आम्हांला हेवा वाटत नाही. पण त्यांच्या रात्रपाळ्या डोळ्यांपुढे येतात.

मेळाव्यातल्या त्या मुलाला आम्ही गेल्या आठवड्यात घरी बोलावले. परतताना तेथून आणलेला, बोटभर लांबीचा पट्टीचा एक तुकडा आमच्या कपाटात आहे. तो त्याच्या हाती ठेवला आणि वर लिहिलेली सारी कथा त्याला सांगितली. कण शोधणाऱ्याऐवजी चुंबक तपासणारा आणि तपासूनही चुकीचा दिलासा देणारा मनुष्य समोर बसला आहे, हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरेल असे वाटले होते. तो म्हणाला, "मग ते सांधे तपासायला कोणी गेले होते का आपल्याकडून?" आम्ही म्हटले, ते आम्ही विचारून सांगू. तोवर तो खिडकीच्या उजेडात तुकड्याचे टोक धरून तारा मोजू लागला होता. पस्तीस भरल्या, म्हणाला. आम्ही त्याला भिंग दिले आणि पुन्हा मोजायला सांगितले.